‘पानी’ लिहून शोधा

राजोडीत दिनानाथभाऊंशी बोलायचं म्हणजे माणसं जरा जपूनच बोलत. भाऊंनी उभं आयुष्य मुंबईच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी बोट काही निवृत्त झालं नाही. समोरचा बोलायला लागला की ते बोट हवेत खुणा करायचं. ऱ्हस्व, दीर्घ, न, ण. कुणी लग्नपत्रिका हातात दिली तर आशीर्वाद राहिला बाजूला, आधी चूक दाखवणार. असा गृहस्थ!

गावात सगळे ‘पानी’ म्हणतात, ‘लोनी’ म्हणतात. खुद्द भाऊंची आई शेवटपर्यंत तेच म्हणत होती. पण भाऊंच्या घरात ‘पाणी’च. बायको कृष्णाबाई पहिल्या दिवसापासून चुकत आली आणि पहिल्या दिवसापासून भाऊ तिला सुधारत आले. पुढे पुढे ती घरात फारसं बोलेनाशीच झाली. भाऊंना वाटलं, वय झालं, दुसरं काय.

गेल्या पावसाळ्यात कृष्णाबाई चुलीवर चहा ठेवता ठेवता गेली. हृदय बंद पडलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला भाऊंनी एकच सांगितलं, “अहो, काही बोललीच नाही. एका शब्दानं नाही.”

आता मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं होतं. हळदीच्या दिवशी बायका विहिरीवरून पाणी आणतात, तेव्हाचं एक गाणं कृष्णाबाईला येत होतं. वाडीत दुसऱ्या कुणाला ते धड येत नाही. कृष्णाबाईने ते घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवलं होतं, एवढं उन्नतीला पक्कं ठाऊक होतं. माइक कसा लावायचा, मराठीत टाइप कसं करायचं, हे तिनेच आईला शिकवलं होतं. पण ते ठेवलंय कुठे? शोधून शोधून पोरगी रडकुंडीला आली. “पप्पा, आईचं गाणं नसेल तर मी विहिरीवर जाणार नाही. मुक्यानं कसलं पाणी आणायचं?” असं म्हणून सकाळी ती ऑफिसला निघून गेली.

दुपारी भाऊ कॉम्प्युटरपुढे बसले. मागे वाडीत माडाचा झाप सरसरत पडला आणि पुन्हा सगळं शांत झालं. कीबोर्डवर एका बटणाला हळदीचा पिवळा डाग होता. हात न पुसताच बसायची ती! भाऊंनी डाग नखाने खरवडला. तो जाईना. बटण होतं ‘न’चं.

शोधाच्या चौकोनात त्यांनी ‘पाणी’ लिहिलं. एकही फाइल सापडली नाही. ‘हळदीचे गाणे’ लिहिलं. सापडली नाही. मग उन्नतीला फोन लावला. तिने सांगितलं, “पप्पा, कॉम्प्युटर मुळात दोन-चार फोल्डरच बघतो. सेटिंग बदला. सगळ्या ड्राइव्हमध्ये शोध, लपवलेल्या फाइलीही दाखव, अशा खुणा करा. आणि तुम्ही त्या सूचना बंद केल्या होत्या ना, त्याही चालू करा.”

सूचना भाऊंनी बंद केल्या होत्या खऱ्या. आपण एक अक्षर लिहावं आणि यंत्रानं पुढचा शब्द सुचवावा, हा आगाऊपणा त्यांना खपत नसे. पण आता पोरीचं काम होतं. एकेक खूण केली, सूचना चालू केल्या आणि पुन्हा ‘पाणी’ लिहायला घेतलं.

‘पा’ उमटला मात्र, चौकोनाखाली आपोआप एक ओळ आली.

पान्यात बुडल्यावानी होतं

भाऊंचं बोट सवयीनं वर गेलं, न खोडून ण करायला. ते तसंच हवेत राहिलं. घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. खिडकीतून विहिरीचा रहाट दिसत होता, तो हलत नव्हता. भाऊंनी घाईघाईनं अक्षरं पुसली. कोण आहे, असं मोठ्यानं विचारायची त्यांना भीती वाटली, म्हणून ते लिहायला गेले. ‘को’ लिहून होताहोताच खाली उत्तर हजर.

कोनाला सांगू

त्या ओळीत तिचा आवाज होता, तोच दबलेला, स्वयंपाकघरातून येणारा. भाऊ खुर्चीवरून उठले, भिंतीला टेकले आणि तिथूनच पुन्हा फोन लावला. “उन्नती, ती... ती मला उत्तरं देतेय गं.”

उन्नतीला आधी काही कळेना. मग तिच्या लक्षात आलं. “पप्पा, ती उत्तरं नाहीत. आधी कुणी काय शोधलं होतं, ते दाखवतोय तो. मी आईला सांगितलं होतं, काय पाहिजे ते या चौकोनात लिही, हा शोधून देतो. तिला वाटलं असेल, काहीही विचारलं तरी चालतं.”

भाऊ परत बसले. आता त्यांना कळत होतं आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. त्यांनी एकेक अक्षर लिहून पाहिलं. ‘छ’ला आलं, छातीत दाबल्यावानी वाटतं. ‘र’ला आलं, रातच्याला दम लागतो काय करू. बाजूच्या खोलीत नवरा पेपरातल्या चुका काढत बसला होता आणि ही इथे यंत्राला विचारत होती. आणि दर वेळी त्या मेल्या यंत्रानं तिला तेच सांगितलं असणार, एकही फाइल सापडली नाही.

ण लिहायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. भाऊंनी ती सोडली. हळदीच्या डागावर बोट ठेवलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, पानी.

फाइल सापडली.

भाऊंनी ती लावली. आत कृष्णाबाईने घसा खाकरला आणि सुरू केलं, “पानी आनाया चालल्या गो...” तोच मध्ये एक पुरुषी आवाज आला, “पाणी! आणाया! किती वेळा सांगायचं?” भाऊ दचकले. तो आवाज त्यांचाच होता. मग चपला वाजल्या, दूर गेल्या, दार लोटल्याचा आवाज आला. स्वतःला घरातून जाताना ते ऐकत राहिले. बराच वेळ नुसती खरखर. मग तिने पुन्हा धरलं, पहिल्यापासून, सगळे न जागच्या जागी ठेवून, आणि अख्खं गाणं म्हटलं. काय गायली हो ती! उन्नतीची हळद सुनी जाणार नव्हती.

गाणं संपलं तरी फाइल चालूच होती. तिचा श्वास ऐकू येत होता, जड, तुटक. मग हळूच हाक आली.

“अहो, आइकता का? जरा येता का इकडं?”

“आलो, आलो,” म्हणत भाऊ धडपडत उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.