देवजी इथे मेला

वसुमती चुरीच्या चाळीस कालीपत्ती चिकूच्या कलमांना आठ दिवस पाणी नव्हतं, आणि त्याचं कारण ती कुणाला सांगायला गेली की ऐकणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग तिच्या नवऱ्याकडे, महादेवकडे बघायचा, आणि मग काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून जायचा.

चैत्र चाललेला. डहाणूजवळच्या चिखले गावची वाळू दुपारी अशी तापते की कुत्रंसुद्धा चारही पाय एकदम टेकत नाही. गेल्या पावसाळ्यात लावलेली कलमं मांडीएवढी उंच झाली होती, ती पानं सोडून उभी. विहीर पन्नास पावलांवर, विहिरीत पाणी, पाण्यावर मोटर, मोटरला लाइट. फक्त फ्यूज तेवढा देवजीच्या सदऱ्याच्या खिशात.

देवजी म्हणजे महादेवचा चुलतभाऊ, वसुमतीचा दीर. विहीर दोघांच्या आजोबांनी खणलेली. मंगळवार-शुक्रवार वसुमतीचे, बाकीचे वार देवजीचे, कारण त्याची वाडी मोठी आणि तोंड त्याहून मोठं. दर उन्हाळ्याला भांडण व्हायचं, दर पावसाळ्याला मिटायचं. पण खिशात फ्यूज घालून फिरण्यापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

हे झालं एका कागदापायी. आणि तो कागद होता खेळातला.

वसुमती डहाणूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांचा बोर्ड, हातात वायर. कुणाला मुंबई हवी, कुणाला सुरत, कुणाला नुसतंच भांडायला माणूस. कुठली वायर कुठल्या भोकात हे तिला डोळे मिटून यायचं. मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, बोर्ड उचलून नेला आणि तिला बसवलं बिलांच्या टेबलाशी. ज्यांना तिने वर्षानुवर्षं मुंबई जोडून दिली ते आता रांगेत उभे राहून तिला विचारायचे, "बाई, मी एवढं बोललोच कधी?" ती संध्याकाळी घरी यायची ती डोक्यात खिळे ठोकल्यासारखी.

त्याच सुमाराला, त्र्याण्णव साली, तिचा भाऊ सुदर्शन भाजीच्या टेम्पोत घालून एक कॉम्प्युटर घेऊन आला. तो बोईसरला कारखान्यात होता. तिथे नवे आले म्हणून जुने भंगारात निघाले. "मयुराला शिकायला होईल," म्हणाला. मयुरा, वसुमतीची पोर, तेव्हा पाच वर्षांची. ते धूड सुरू करताना घरघरलं की ती रडायची. मग वसुमतीच बसली. सोबत फ्लॉप्यांचा खोका होता, कारखान्याच्या हिशोबांचा. त्यातल्या एका फ्लॉपीवर ऑफिसातल्या कुण्या कामचुकाराने लपवलेला खेळ निघाला.

सहा माणसं घेऊन जमिनीखाली उतरायचं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांच्या भिंती, वळणावर वळणं, आत भुतंखेतं, राक्षस, खजिना. एवढंच. पण खेळ आधी सहा नावं मागायचा. परदेशी नावं सुचवायचा, ती वसुमतीला पटेनात. ज्याला आपण जन्मात शिवी दिली नाही त्याच्यासाठी जीव काय तुटणार? म्हणून तिने घरचीच माणसं टाकली. पहिल्या रांगेत स्वतः, देवजी आणि देवजीची बायको बायजा. मागे नणंद सोमी, वाडीवरचा गडी काकड्या आणि महादेव. देवजी सगळ्यांच्या पुढे, कारण कुठल्याही भानगडीत पहिली आरोळी त्याचीच असते. महादेव सगळ्यांच्या मागे.

चार तळ उतरून गेल्यावर लोखंडी दरवाजा लागला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं: खेळ आवडला असेल तर मित्रांना वाटा, कुणी अडवणार नाही, पुढचे दोन भाग हवे असतील तर पंधरा डॉलर या पत्त्यावर पाठवा.

वसुमती पोस्टात गेली. पोस्ट म्हणालं, डॉलर आमच्याकडे नाही, बँकेत जा. बँकेतल्या साहेबाने फॉर्म काढला.

"काय मागवताय परदेशातून?"

"दोन फ्लॉप्या."

"कसल्या?"

"खेळाच्या."

"मुलांसाठी?"

"नाही, माझ्यासाठी."

साहेबाने फॉर्म परत खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

तिने त्या परदेशी माणसाला पत्र लिहिलं, की बाबा, पैसे आहेत, पाठवायची सोय नाही, तूच काहीतरी सांग. उत्तर नाही. मग ती त्या दरवाजापाशीच राहिली. पहिले चार तळ इतक्या वेळा फिरली की डोळे बांधूनही फिरली असती. कॉम्प्युटर मेला, तिचे केस पिकले, नोकरी संपली. आणि तीन वर्षांपूर्वी ठाण्याहून मयुराचा फोन आला: "आई, तुझा तो खेळ सापडला. ज्याने केला तो आता म्हातारा झालाय. सगळे भाग फुकट सोडून दिलेत त्याने."

"मग आधी काय दुखत होतं त्याला?" वसुमती म्हणाली. मयुराने लॅपटॉपवर सगळं बसवून दिलं, तरी आठ दिवस तिचा राग उतरला नव्हता.

आता कागदाचं. या खेळात सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. नकाशा खेळ दाखवत नाही, आपला आपण काढायचा. वसुमतीने आलेखाच्या वह्याच्या वह्या भरल्या. तळ पाच, तळ सहा असं लिहून डोक्यात राहीना, म्हणून तिने ओळखीची नावं दिली. पाचवा तळ तलासरी नाका, सहावा डहाणूची खाडी. सातव्यात एका बोळातून दुसरा बोळ फुटतो आणि शेवटी माणूस परत होता तिथेच येतो, म्हणून तो चिखले. सातव्या तळाच्या कागदावर तिच्या ठसठशीत अक्षरात असं होतं: "चिखले. देवजी इथे मेला. उत्तरेची भिंत फोडणे. पुढे विहीर. विहीर ताब्यात आली की काम झालं."

घड्या पडून तो कागद फाटायला आला होता. महादेवला वाटलं, बायकोला बरं वाटेल. आयुष्यात कधी नव्हे ते आपणहून काही करायचं त्याच्या मनात आलं, आणि तो डहाणू स्टेशनजवळ झेरॉक्सवाल्याकडे जाऊन कागद लॅमिनेट करून घेऊन आला. रांगेत त्याच्या मागे देवजीचा जावई जतीन उभा होता. आधीच या पट्ट्यात बंदराला, रस्त्याला जमिनी जाणार अशा गोष्टी. चौकोनी रेघांचा कागद दिसला की माणूस आधी त्यात आपलं नाव शोधतो. जतीनला सासऱ्याचं सापडलं. त्याने फोटो काढला. तिन्हीसांजेपर्यंत तो फोटो वाडीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता आणि मंगळवारी सकाळी मोटरचा फ्यूज गायब.

"तू कशाला नेलास तो कागद?" वसुमतीने विचारलं.

"आता पाणी लागणार नाय त्याला," महादेव म्हणाला.

"त्याला नाय लागणार! कलमांना लागणार आहे!"

तिने महादेवला देवजीकडे पाठवलं. तो तासाभराने आला. चहा पिऊन, वांगी घेऊन. फ्यूजचं विचारायचं राहून गेलं होतं. शुक्रवारही गेला. शनिवारी तिने कलमांच्या आळ्यात हात घातला, कोपरापर्यंत सुकी वाळू. तशीच पदर खोचून ती बांध ओलांडून गेली.

देवजी ओट्यावर बसला होता. बाजूला जतीन. बायजा सूप घेऊन.

"या वहिनी," देवजी म्हणाला. "जित्या माणसाचं मरण लिहून ठेवलंत, आते काय तेराव्याचं विचारायला आलात?"

"भावजी, तो खेळ आहे."

"खेळ! माझी विहीर ताब्यात घ्यायची हा खेळ? भिंत फोडायची हा खेळ? उत्तरेला माझीच भिंत हाय!"

"ती जमिनीखालची विहीर आहे. जादूची. तिचं पाणी प्यालं की जखमा भरतात."

"ऐकलंस जतीन? जादूची विहीर म्हणते. टेलिफोनात होती ना, बोलण्यात हार जायची नाय."

"चला माझ्या घरी," वसुमती म्हणाली. "डोळ्यांनी बघा. नाय पटलं तर फ्यूज गिळा."

ते आले. बायजासुद्धा सूप घेऊनच आली. वसुमतीने लॅपटॉप उघडला, खेळ लावला. हिरव्या अक्षरात सहा नावं उमटली. जतीनने वाकून वाचलं.

"मामा, तुमचं नाव आहे. पुढे डेड लिहिलंय."

"म्हणजे?"

"मेलेले."

देवजी खुर्चीत नीट बसला. "कधीपासून?"

"संक्रांतीपासून," वसुमती म्हणाली.

"आन तेव्हापासून मी कटे हाय?"

"आमच्याबरोबरच. मढं टाकून दिलं तर परत उठवता येत नाय. उचलून न्यावं लागतं."

"कोण उचलतो?"

"बायजा."

"मग घरी काय वेगळं हाय?" बायजा सूप पाखडत म्हणाली.

महादेवने हळूच विचारलं, "मी काय करतो गो?"

"दिवा धरतोस."

"बस?"

"बस."

देवजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आपल्या नावाकडे बघत होता. "परत उठवता येतं म्हणालात. मग तीन महिने का नाय उठवलं?"

वसुमती काहीतरी सांगून मोकळी झाली असती. पण पाच दिवस तिचं डोकं तापलं होतं आणि खोटं रचायला लागणारा धीर तिच्यापाशी उरला नव्हता.

"संक्रांतीच्या शुक्रवारी माझ्या पाळीवर तुम्ही तुमच्या मिरचीला पाणी घेतलं. विचारलं नाय, सांगितलं नाय. मी आले तर मोटर गरम. म्हटलं, राहू दे याला मेलेला."

जतीन हसायला लागला आणि सासऱ्याचा चेहरा बघून थांबला. बायजाने सूप खाली ठेवलं.

"मिरची करपत होती," देवजी म्हणाला.

"विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर दिलं असतं?"

"नाय."

"मग?"

शेवटी देवजीने खिशातून फ्यूज काढून टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही. "आधी मना उठवा."

उठवायचं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला नऊ हजार मोहरा द्यायच्या. वसुमतीकडे नऊ हजारांवर थोड्या होत्या. शेवटच्या तळाला नेणारा नावाडी तेवढ्याच मागतो, म्हणून दोन वर्षं एकेक राक्षस मारून तिने साठवल्या होत्या. आणि पुजारी काही भरवशाचा नाही. दहात तीनदा माणसाची राख करून परत देतो, मोहरा मात्र ठेवून घेतो.

"राख झाली तर माझ्या नावाने ओरडायचं नाय," ती म्हणाली.

"राख झाली तर मी मोटरच काढून नेतो."

तिने नावाड्याचा विचार केला. कलमांचा केला. मनातल्या मनात त्या परदेशी म्हाताऱ्याला एक शिवी दिली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मग नाव उमटलं. डेड गेलं होतं. पुढे शक्तीचा आकडा होता: एक.

"एकच?" देवजी म्हणाला.

"जिवंत आहात ना? आता फ्यूज."

"तो कागद कटे हाय?"

महादेवने लगबगीने लॅमिनेट केलेला कागद आणला. देवजीने बोट ठेवलं. "हे खोडा."

वसुमतीने पेन्सिल घेतली. प्लॅस्टिकवर पेन्सिल सरकून गेली. पेन घेतलं, शाई थेंब होऊन राहिली, बोट लागताच पुसली गेली. तिने महादेवकडे असं बघितलं की तो पाणी आणायला निघून गेला.

"मग नवीन काढा," देवजी म्हणाला. "मना घाई नाय."

घाई कलमांना होती. वसुमतीने वहीचं कोरं पान घेतलं आणि अख्खा सातवा तळ पुन्हा उतरवला. प्रत्येक बोळ, प्रत्येक दार, चौकोन मोजून. सव्वा तास गेला. देवजी खांद्यावरून बघत होता. मेल्याची ओळ तिने गाळली. विहिरीपाशी आली तेव्हा त्याने पेन्सिल धरली.

"आते इथे लिहा, सामायिक."

"काय?"

"सामायिक विहीर. सातबाऱ्यावर हाय तसं."

"भावजी, ही परदेशी माणसाने काढलेली विहीर आहे!"

"असू दे. त्याला काय माहीत भाऊबंदकी?"

तिने लिहिलं. सामायिक विहीर. देवजीने जतीनला खाली साक्षीदार म्हणून सही करायला लावली. जतीनने केली, तारीखसुद्धा घातली. महादेवला वाटलं आपलीही हवी, त्याने पण केली. वसुमतीला हे सगळे एकदम सातव्या तळावर सोडून यावेसे वाटले.

फ्यूज बसला. मोटरने दोनदा घसा खाकरला आणि पाणी आलं. शनिवार असून देवजीने काही म्हटलं नाही, तिनेही विचारलं नाही. ती पाट फोडत, आळी भरत गेली. टोकाची सहा कलमं गेली होती. हिरवेपणा बघायला तिने नखाने साल खरवडली, आत तपकिरी. ती तिने उपटून बांधावर टाकली. बांधापलीकडे देवजी उभाच होता.

"ही सहा तुम्ही भरून द्यायची," ती म्हणाली.

"तीन देतो."

"सहा मेली आहेत."

"तीन मी मारली. तीन तुमच्या कागदाने."

"पाच."

"चार. त्यातलं एक कालीपत्तीचं नाय मिळणार, दुसरं काय हाय ते बघतो."

"कालीपत्तीच पाहिजे," वसुमती म्हणाली आणि पुढच्या आळ्याचं तोंड फोडलं.