भिंतीकडे तोंड केलेलं पोस्टर

वाडीवरच्या अंगणवाडीत आमचं पोस्टर भिंतीवर होतं, पण फिरवलेलं. चित्र भिंतीकडे आणि कोरी पाठ आपल्याकडे. चारही कोपऱ्यांना नीट चिकटपट्टी. म्हणजे कुणीतरी ते काढलं होतं, उलटं केलं होतं आणि परत व्यवस्थित लावलं होतं. फाडलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, हे कुणाचं काम? त्या पातेलं घासायला लागल्या. पातेलं स्वच्छच होतं.

आधी मी कोण ते सांगते. मी सरकारी नर्स होते. उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात नोकरी झाली, रिटायर झाले आणि एका संस्थेत लागले. तिथं माझं पद ‘कम्युनिकेशन ऑफिसर’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तसलं. काम साधं आहे. बदलापूर-वांगणीच्या डोंगराकडच्या वाड्यांमधल्या गरोदर बायकांना बाळंतपणासाठी दवाखान्यात यायला पटवायचं. त्यासाठी पोस्टर असतात, फोनवर रेकॉर्ड केलेले मेसेज असतात, आणि उरलेलं सगळं आपल्या तोंडानं. खरं सांगायचं तर मी पगारासाठी लागले नाही. शिरगावच्या माझ्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी सोडली तर दुसरा आवाज नसतो. नवरा अंबरनाथला फॅक्टरीत होता, तो गेला. मुलगी बंगळुरूला. रविवारी फोन करते. ‘जेवलीस का’च्या पुढे आमची गाडी सरकत नाही.

पोस्टरचा राग होताच, पण त्या वाडीत मला खरी काळजी एका पोरीची होती. सुरेखा तिचं नाव. पहिलं बाळ घरीच झालं आणि गेलं. आता पुन्हा दिवस भरत आलेले, पायांवर सूज, आणि बीपी वाढलेलं. आमच्या भाषेत ही ‘हायरिस्क’. म्हणजे बीपी एकदम चढलं तर बाईला फिट येते आणि आई-बाळ दोघंही हातचे जातात. त्यावर इंजेक्शन आहे, पण ते दवाखान्यात आहे, वाडीवर नाही. मी समजावलं की सुरेखा मान डोलवायची, हो हो म्हणायची, आणि तपासणीच्या दिवशी माळ्यावर लपून बसायची. पालथ्या घड्यावर पाणी.

पोस्टर कुणी फिरवलं ते कळायला वेळ लागला नाही. बुधीआजी स्वतःच काठी टेकत आली. ही सुरेखाची आजेसासू, आणि वाडीची सुईणही तीच. अर्धी वाडी तिच्या हातावर जन्मलेली. तिच्यापुढे कुणी बोलत नाही.

“मीच फिरवलाय,” ती म्हणाली. “पोटुशा पोरींनी त्या बायला बगू नये.”

मी म्हटलं, का गं आजी, त्यात काय वाईट आहे? चांगली हसतेय ती.

“तिचं कोन मेलंय?”

मला काही समजेना. मी पोस्टरचा एक कोपरा सोडवला आणि आत बघितलं. पांढरी चादर, लोखंडी कॉट, कॉटवर बाई, बाईच्या हातात बाळ. खाली ठळक अक्षरात ‘सुरक्षित आई, सुरक्षित बाळ’. बाकी काही नाही.

“बालंतीन हाय ना ती? मंग तिच्यापाशी कोन हाय?” आजी म्हणाली. “आमच्यात बालंतिनीला येकली ठेवीत नाय. जिचं कोनीच नाय तीच येकली ऱ्हाती. तुमचा दवाखाना तसल्या बायांचा. माजी नातसून काय टाकलेली हाय?”

मग मी तिथंच बसले आणि तिनं सांगितलेलं ऐकलं. पाचवी होईपर्यंत बाळंतिणीजवळ कायम कुणीतरी बसलेलं असतं. ती पाण्याला उठली तरी कुणीतरी तिच्या जागेवर बसतं, जागा रिकामी ठेवत नाहीत. उशाखाली विळा, म्हणजे लोखंड. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. तिनं येऊन बघितलं आणि आईजवळ कुणीच नसलं, तर ती बाळाच्या कपाळावर तेच लिहिते. हे सगळं आजीच्या तोंडून ऐकताना माझ्या लक्षात आलं. आम्ही प्रत्येक वाडीच्या भिंतीवर एका टाकलेल्या बाईचं चित्र लावून आलो होतो. आणि वर सांगत होतो, तुम्हीही असंच व्हा.

उठताना आजीनं एकच विचारलं. “तिला नेतेस ना? ने. मला आत घेशील?”

 लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, नातेवाइकांना घेत नाहीत. माझी मुलगी झाली तेव्हा माझी आईसुद्धा बाहेर बाकावर होती. मी स्वतः नर्स, मला नियम पाठ. तरी मी आतून आईला हाका मारत होते. त्या तिला बाहेर ऐकू येत होत्या, हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं.   मी पोस्टरचा कोपरा परत चिकटवला आणि वाडी उतरले.

आमचं ऑफिस अंबरनाथला. प्रोजेक्ट मॅनेजर निखिल सर, वयानं माझ्या मुलीएवढे. मनानं चांगले, पण बदलापूरच्या पुढे गाडी खराब होते म्हणून फारसे जात नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते कॉम्प्युटरवर पोस्टर उघडून बघत बसले.

“मॅडम, डिझाइन क्लीन आहे. फोकस मदर आणि बेबीवर पाहिजे. मागे माणसं घातली की मेसेज पोचत नाही.”

“सर, मेसेज पोचलाय. फक्त आपण पाठवला तो नाही.”

 मग ते म्हणाले, फोटो बदलू, एक आजी घालू शेजारी. मी म्हटलं, फोटो राहू द्या. चित्रात आजी दाखवली आणि दारात तिला अडवली, तर पुढच्या वेळी पोस्टर चुलीत जाईल. आधी खरी आजी आत जाऊ दे.

त्यांनी वर फोन लावले. कळलं ते असं, की नियमात सोबतीण चालते. ‘बर्थ कंपॅनियन’ म्हणतात, बाळंत होणाऱ्या बाईबरोबर आत थांबणारी ओळखीची बाई. नियम होता, पण कागदावर. दवाखान्यात तो कुणी वापरत नव्हतं, कारण जागा नव्हती, पडदे नव्हते आणि इन्चार्ज सिस्टरांच्या डोक्याला आधीच ताप कमी नव्हता.

मी त्या सिस्टरांकडे गेले. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं राब राब राबतात. सिस्टर म्हणाल्या, “ताई, सुईण आत आली की नाळेला हात घालणार. मग निस्तरणार कोण?” बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही दोघींनी ठरवलं. आजीनं हात साबणानं धुवायचे, दवाखान्याचा गाऊन घालायचा, मिश्री बाहेर ठेवायची, आणि बाईच्या डोक्याकडेच बसायचं. पायाकडे यायचं नाही. पडदा म्हणून मी घरची जुनी चादर आणून दिली.

या अटी आजीला सांगताना मला धाकधूक होती. एवढी बाळंतपणं केलेली बाई, तिला मी सांगणार हात लावू नकोस म्हणून. तिनं ऐकून घेतलं.

“तोंडाशी बसायचं ना? मला तेवढंच पायजे,” ती म्हणाली.

सुरेखाला कळा सुरू झाल्या तेव्हा ती माळ्यावर लपली नाही. नवऱ्यानं फोन केला, गाडी गेली, दुपारी त्या दोघी दवाखान्यात पोचल्या. मी दारातच उभी होते. आजीच्या कमरेला विळा. सिस्टरांनी तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

“हे आत येणार नाही. काही झालं तरी नाही.”

आजी दारातच बसली. लोखंडाशिवाय ती पोर आत नेऊ देईना. बाहेरच्या बाकावर सुरेखा कण्हतेय, बीपीचा आकडा वर वर जातोय, आणि आम्ही तिघी विळ्यावर अडलेल्या. मी पर्समध्ये हात घातला. माझ्या फ्लॅटच्या सेफ्टी डोअरला नवऱ्यानं लावलेलं जुनं कुलूप आहे, त्याची किल्ली लोखंडी, चांगली जाड. ती काढली आणि आजीपुढे धरली. तिनं हातात घेऊन वजन बघितलं, दातानं चावली.

“घराची हाय?”

म्हटलं, माझ्याच घराची.

“मंग चालंल,” म्हणाली आणि उठली. सिस्टरांनी किल्ली स्पिरिटनं पुसून घेतली, तेवढं त्यांनी सोडलं नाही.

मी दाराच्या फटीतून बघत होते. आजी खरंच डोक्याकडे बसली. सुरेखाचं डोकं मांडीवर, कपाळावर हात, आणि तोंडानं काहीतरी चालू, ते माझ्या कानांपर्यंत येत नव्हतं. सुरेखा ओरडली की आजी फक्त ‘हाय गो, हाय’ म्हणायची. बीपी चढलंच. इंजेक्शन तयार होतं, दिलं गेलं. फिट आली नाही. बाळ रडायला जरा उशीर झाला. आजीनं नाळेकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेर आली ती घामानं निथळत. “पोरगी हाय. बारीक हाय. रडली,” एवढंच बोलली. मी किल्ली मागितली तर म्हणाली, पाचवीपातुर नाय.

आता आली का पंचाईत. दुसरी किल्ली शेजारणीकडे असते, कधीकाळी देऊन ठेवलेली. घरी येऊन मी तिची बेल वाजवली. तिनं दार उघडलं, घाबरून विचारलं, काय झालं, बरं आहे ना? म्हटलं, बरं आहे, किल्ली हवी होती. तिनं खिळ्यावरची किल्ली काढून दिली. आत टीव्ही चालू होता, माणसं हसत होती. एक मुलगी झाली, असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण कुणाची, कुठली, कशी, सगळं सांगत बसावं लागलं असतं. दार लागलं. मी कुलूप उघडून आत गेले आणि दिवा न लावता थोडा वेळ बसून राहिले. तिकडे आजी वॉर्डात कॉटखाली आडवी झाली असेल, सुरेखाच्या हाताच्या अंतरावर. मला हेवा वाटला. साठी उलटलेल्या बाईला बाळंतिणीचा हेवा, काय म्हणायचं!

पाचवीच्या आधी सुरेखाला घरी सोडलं. पाचवी झाल्यावर किल्ली आणायला मी वाडीवर गेले आणि निखिल सरांनी सांगितलं होतं म्हणून फोटोही काढायचा होता. फोन अंगणवाडीच्या ताईंकडे दिला. सुरेखा, तिच्या मांडीवर पोर, शेजारी बुधीआजी. मी बाजूला उभी राहून सूचना देत होते.

“तू का उबी?” आजी म्हणाली. “किल्ली तुजी हुती. बस हितं.”

मी कडेला बसले.

पोस्टर उल्हासनगरला छापतो. तिथले सिंधी काका वर्षानुवर्षं आमचं काम करतात. चष्मा कपाळावर, डोळे स्क्रीनवर, बोट माउसवर. फोटो उघडून ते म्हणाले, “मॅडम, ये साइड में जो आंटी बैठी है, उसको काट दूँ? फोटो क्लीन आएगा.”

मी म्हटलं, “नको. राहू द्या तिला. ती एकटी पडेल.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

“ठीक है, बहनजी,” म्हणाले. “थोड़ा अंदर ले लेता हूँ.”

ते पोस्टर आता वाडीवर सुलटं आहे. त्यानंतर तिथून आणखी काही बायका दवाखान्यात आल्या, प्रत्येकीबरोबर एक म्हातारी आणि एक किल्ली. सगळ्या आल्या असं नाही. सिस्टर म्हणतात, चादरी पाठवा, पडदे कमी पडतात.

या कामात मी शिकले ते एवढंच. पोस्टरवर काय लिहिलंय ते बाई नंतर बघते. आधी बघते, शेजारी कोण बसलंय. मी तरी काय वेगळं करते? एक कॉपी माझ्या फ्रिजवर लावली आहे.