जवसाची चटणी आणि आखाजीचं पान

चार म्हाताऱ्या रोज एका ओट्यावर बसल्या की किस्से जमायला वेळ लागत नाही. आमच्या अकोल्याच्या ओट्यावर आधी सुनांचे किस्से असायचे. मग आम्ही मेंदूसाठी जेवायला लागलो आणि किस्सेच बदलले.

सुरुवात अमरावतीच्या एका डॉक्टरपासून. मंदिराच्या हॉलमध्ये त्याचं भाषण होतं. पालेभाज्या खा, जवस-अक्रोड खा, तळण आणि गोड कमी करा, म्हातारपणी विसरण्याचा धोका कमी होऊ शकतो. सगळ्याजणी माना डोलवत होत्या. मी शाळा पाहिली नाही, पण आपलं आपण शिकून पेपर रोज वाचते आणि विचारायला कोणाच्या बापाला भीत नाही. उभी राहिले. "गॅरंटी देता का?"

"नाही आजी. धोका कमी होऊ शकतो, एवढंच."

खरं बोलला, म्हणून सोडला त्याला.

*

आमच्यात सगळ्यात कडक निघाली कमल, माझी लहानपणची मैत्रीण. घरातली साखर, डालडा सगळं तिने त्याच आठवड्यात बंद केलं. मूर्तिजापूरला भाचीच्या लग्नात लोक जिलबीवर तुटून पडलेले आणि ही पदराआडून डबा काढते. आत भाकर आणि जवसाची चटणी. मी दुसरी जिलबी घेतली तर म्हणाली, "खाय गिरजे, खाय. उद्या मलेच इचारशील, तू कोन म्हून."

विसरायला लागली ती कमलच.

*

आधी जवसाची चटणी चहात पडली. मग तिने गल्लीभर सांगितलं, सून उपाशी ठेवते. सांगताना हनुवटीला भात चिकटलेला! सून रेखा रडली, आम्ही ओट्यावर हसलो. तेव्हा हसू यायचं.

*

पुढे उलटंच झालं. रेखा ताट वाढायची आणि कमल हात मागे घ्यायची. "माह्यं जेवन झालं. सासूबाईनं चारलं."

तिची सासू कधीच मेली.

एका सकाळी मी तिथेच होते. रेखाने अजून गॅस पेटवला नव्हता. कमल तेच बोलली, म्हणून मी तिचा हात धरून नाकाशी नेला. बोटं ओलसर आणि अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास. माझा जन्म भाजी विकण्यात गेला. त्या दिवसांत बाजारात अंबाडीची एक जुडी नव्हती.



*

पण वासाने पोट भरत नाही. कमल वाळत चालली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आता डॉक्टरच म्हणाला, पथ्य सोडा, काय खाईल ते द्या, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. कमल तोंड उघडेना.

आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस पानावर बसवतात, त्याला पितर म्हणतात. रेखा माझ्याकडे आली. "गिरजाकाकू, आजेसासूच्या नावानं तुमी बसा. त्यायच्या हातानं तरी आई जेवतीन."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तिला तोंडावर सांगितलं. आणि गेले.

पानात पुरणपोळी, आंब्याचा रस, वडे, कुरडया. डॉक्टरने भाषणात जे जे कमी करा म्हटलं होतं ते सगळं एका ठिकाणी. मी कपाळापर्यंत पदर ओढला, कमलला समोर बसवलं आणि घास पुढे केला.

तिने तोंड उघडलं.

एक पोळी संपली. दुसरी तिने मागून घेतली. रेखा दाराआड डोळे पुसत होती. मी चारत राहिले.

मग कमलने तोंड पुसलं, माझ्याकडे झुकली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत हळूच म्हणाली, "सासूबाई, तुमच्यामांगं आपली गिरजा कवाची उभी हाये. तिचं पान कोनी मांडलंच नाही. तिले बी बसवा."