तिठ्यावरची लिंबं

तिन्ही रस्ते मीच आखलेले, तिन्ही मला पाठ. आणि त्यातल्या सगळ्यात सोप्या रस्त्यावर माझी बायको हरवली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर होतो, राहायला अंबरनाथला. शिक्षण चौथी, तीही पूर्ण नाही. पण धावण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. सुट्टीच्या दिवशी कॅनव्हासचे बूट चढवायचे आणि बदलापूरच्या पुढं शेतातून, नदीकाठानं, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं. लोक म्हणायचे, याच्या मागं कुत्रं लागलंय काय? म्हणू देत.

त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं, कामगारांनी बायकामुलांसकट धावायचं. बक्षीसबिक्षीस नाही, नुसतं धावायचं. तरण्यांना झेपेल तसं तरण्यांनी, म्हाताऱ्यांना झेपेल तसं म्हाताऱ्यांनी. मला बोलावलं.

"तुम्हाला तिकडचे रस्ते माहीत आहेत ना?"

"साहेब, तिकडचे दगड मला ओळखतात," मी म्हणालो.

रस्ते मोजायला टेप नव्हती. सायकलच्या मागच्या चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. असे दोन रविवार फिरलो. पहिला रस्ता डोंगराचा, तरण्या पोरांसाठी. चढ असा, की वर पोचल्यावर समोर माथेरानचा डोंगर दिसतो आणि आपला दम आपल्याच कानात वाजतो. दुसरा त्याच चढाला लागून अर्ध्यावरच्या पाड्यापासून शेतातून खाली उतरणारा. तिसरा सपाट, उल्हास नदीच्या काठानं, जांभळांच्या सावलीतून. तो बायका, म्हातारे आणि आजारी माणसांचा. खरं सांगायचं तर तो मी माझ्या बायकोसाठी आखला होता. तिला दमा. डॉक्टरनं बजावलं होतं, सपाटीला चालू दे, चढ अजिबात नाही. तिला घराबाहेरचं काही दाखवावं असं मनात होतं. वीस वर्षांत मी तिला ती नदीही दाखवली नव्हती.

तिन्ही रस्ते एका तिठ्यापर्यंत एकत्र. तिथून उजवीकडं डोंगर, डावीकडं नदी. साहेब म्हणाले, तिथं एक माणूस उभा करू. मी म्हटलं, कशाला? माझी खूण आंधळासुद्धा वाचेल.

खुणेचं सामान उल्हासनगरला कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून आणलं. चुन्याची फक्की, गेरू, दोन डझन लिंबं. लिंबं धावणाऱ्यांसाठी, मीठ लावून चोखायला. दुकानदार हसत म्हणाला, "साईं, किसपे जादू करने का है?"

मीही हसलो. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला त्यात काही दिसलंच नाही. आम्ही छप्पन साली धम्म घेतलेली माणसं. असल्या गोष्टी माझ्या डोक्यात शिरत नाहीत.

रविवारी उजाडताना मी तिठ्यावर गेलो. डाव्या रस्त्याच्या तोंडाशी चुन्याचा मोठा बाण काढला, बाणाचं टोक गेरूनं लाल केलं. शेजारी पळसाच्या पानावर लिंबं मांडली, काही कापून मीठ लावून ठेवली. मग खाली नदीकाठच्या वडाशी जाऊन उभा राहिलो. सगळे रस्ते तिथं संपत होते.

आधी पोरं आली, घामानं निथळत. मग दुसऱ्या रस्त्याची माणसं. तिसऱ्या रस्त्याचं कोणीच येईना. सगळ्यात जवळचा रस्ता तो! साहेब घड्याळ बघायला लागले. मी उलटा निघालो, नदीकाठानं. वाटेवर एक पाऊल उमटलेलं नाही. जांभळांखाली बगळे निवांत बसलेले.

तिठ्यावर पोचलो. लिंबं जशीच्या तशी. बाजूच्या वालाच्या शेतात एक म्हातारा शेंगा तोडत होता. मला बघून त्यानं विचारलं, "यो उतारा कोनाचा हाय रं? सकालधरनं आमची म्हसरं पन वललीं नाय इकरं."

उतारा! आजाऱ्यावरून लिंबू, गुलाल ओवाळून तिठ्यावर टाकतात तो. ओलांडेल त्याला बाधा, असं लोक मानतात. मी माझ्या बाणाकडं बघितलं. पांढरं, लाल, पानावर कापलेली लिंबं, तिठा. माझ्याच हातानं मी तो तिथं ठेवला होता, आणि मला तो आता दिसला.

"बायका कुठं गेल्या, बाबा?"

"वरती. फुरं एक व्हती, निल्या लुगऱ्याची. ती थबकली, म्हनली, इकरनं नको गं. मंग समद्या तिच्या मागं, म्हातारं पन."

निळं लुगडं नेसून माझी बायको निघाली होती.

त्या चढावर मी कितीदा धावलो असेन. त्या दिवशी शिट्टीसारखा तिचा श्वास मला वाटेत सगळीकडं ऐकू येत होता. चढ संपतो तिथं एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकून ती बसलेली दिसली. भोवती बायका, दोन-चार म्हातारे, कोणी पदरानं वारा घालतंय.

"या भावजी!" एकजण ओरडली. "म्हाताऱ्यांचा रस्ता म्हणे! आमचा जीव घेता का?"

बायकोनं नुसता हात वर केला. थांबा. मी उकिडवा बसलो. बऱ्याच वेळानं तिची छाती जागेवर आली. आणि मग, माझा स्वभाव, मी तिच्यावरच उखडलो.

"अगं, तू? घरात रोज वंदना म्हणतेस, आणि लिंबाला भ्यालीस? ती मी ठेवलेली, खायला!"

"मला काय ठाऊक?"

"दुसऱ्या कोणी ठेवली असती तरी काय? लाथ मारायची आणि पुढं जायचं. मी काय करतो?"

तिनं आजूबाजूला बघितलं. बायका जरा लांब पाणी पीत होत्या. हळूच म्हणाली, "मारलीत की एकदा. विठ्ठलवाडीला."

आठवलं. आम्ही तेव्हा विठ्ठलवाडीच्या चाळीत नवे होतो. कोपऱ्यावर उतारा होता, मी चार लोकांसमोर लाथ मारली होती. लोक घाबरले, मला बरं वाटलं.

"पोरगी माझ्या कडेवर होती," ती म्हणाली. "लिंबू गडगडत माझ्या पायाशी आलं. माझं पाऊल त्याच्यावरनं गेलं. आठव्या दिवशी पोरगी गेली."

आमची पहिली मुलगी. दहा महिन्यांची.

"अगं, डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला होता."

"सांगितला होता," ती म्हणाली.

इतकी वर्षं ही बाई मला भाकरी वाढत होती, माझे तेलकट कपडे धूत होती, दोन मुलगे वाढवले, आणि मनात धरून होती की आपली लेक याच्या लाथेनं गेली. आणि मला गंध नाही. मी बाहेर सांगत फिरायचो की माझ्या घरात अंधश्रद्धेला जागा नाही.

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसला असता."

हसलोच असतो.

खाली येताना मी तिचा दंड धरला. दर दहा पावलांवर थांबत उतरलो. मागं बायका आणि म्हातारे. तिठ्यावर आलो. चुना माझा, गेरू माझा, लिंबंसुद्धा मीच घासाघीस करून घेतलेली. त्यात काही नाही हे जगात मला सोडून कोणाला पक्कं ठाऊक असणार? पायानं उधळून टाकावं, सगळ्यांसमोर, म्हणजे प्रश्न मिटला. पाय उचललासुद्धा.

तिचा दंड माझ्या हातात होता, तो ताठ झाला. तिनं श्वास धरला होता. दम्याच्या बाईनं धरलेला श्वास.

मी पाय खाली ठेवला. त्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमच्या शेतातून जाऊ का?" तो म्हणाला, जा. वालाच्या शेतातून, बांध ओलांडून, काटे चुकवत मी तिला नदीच्या रस्त्याला आणलं. जांभळांखाली ती थांबली, पाण्याकडं बघत राहिली. म्हणाली, "चांगला आहे हो रस्ता."

वडाशी साहेब वाट बघत होते. "काय झालं? रस्ता चुकला?"

"रस्ता बरोबर होता, साहेब. खूण माझी चुकली," मी म्हणालो. चूक कबूल करायची मला सवय नाही, ते शब्द जड गेले.

उतारा मी आजही मानत नाही. पण तिठ्यावर लिंबू दिसलं की मी वळसा घालून जातो, ती बरोबर असो नसो. लोक म्हणतात, म्हातारा घाबरायला लागला. मी कोणाला खुलासा करत नाही.