सरुबाईचा बोलता पाट

दुपारी जेवण झालं की मी खिडकीशी आरामखुर्चीत पडतो. झोप पुरती लागत नाही, जागही पुरती राहत नाही. अशा वेळी इंदुरी गावातली आमची आळी मला पाण्याखालून ऐकल्यासारखी ऐकू येते. नदीवर कुणी गोधडी आपटत असतं, कुणाची सायकल कुरकुरत जाते, आणि या सगळ्याच्या वर समोरच्या ओट्यावरून सरुबाईचा आवाज यायचा. "कुणाचा रं तू? बाजारातनं काय आणलंस? दाव पिशवी!"

सरुबाई नवलाख उंबरे गावाहून लग्न होऊन आली, तेव्हा म्हणे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पुढे तोंड उघडलं ते मिटलंच नाही. नवरा गेला, म्हशी गेल्या, आजूबाजूला कारखाने आले, पण विचारपूस केल्याशिवाय तिनं ओट्यासमोरून कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. वडगावच्या बाजारातून येणाऱ्यानं पिशवी उघडून दाखवायची, दवाखान्यातून येणाऱ्यानं गोळ्या कसल्या ते सांगायचं. लोक वैतागायचे. मीही वैतागायचो आणि मुकाट्यानं पिशवी उघडायचो.

रोज सकाळी तिचं शेजारच्या शालूबाईशी भांडण असे. कारण एकच, शालूबाईच्या मोरीचं पाणी सरुबाईच्या दारात येतं. हे पाणी पहिल्यांदा आलं त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. भांडण मात्र एक दिवस चुकवलं नाही. आपापल्या ओट्यावर मांडी घालून, भाजी निवडत, दोघी अगदी निवांत भांडायच्या.

गेल्या थंडीत सरुबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समज सगळी शाबूत. सून रोज सकाळी तिला ओट्यावर आणून बसवी. सुरुवातीला लोक थांबायचे, केविलवाणं हसायचे. मग थांबेनासे झाले. शालूबाई तर मोरीचं पाणी बादलीत धरून लांब नेऊन ओतू लागली. रोजचं भांडणही संपलं. समोर धुकं, आणि त्यात ओट्यावर ती बाई, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशव्यांकडे बघत. मला दुपारची झोपच लागेना.

सून सारिका कारखान्यात कामाला आहे. फाटकावर कामगार कार्ड टेकवतात आणि यंत्र 'पीं' असं वाजतं ना, ती यंत्रं ती दुरुस्त करते. एका रविवारी तिनं एका पाटाखाली तसलंच यंत्र बसवलं, शेजारी छोटा स्पीकर ठेवला आणि शर्टाच्या गुंडीएवढी चपटी बटणं मला दाखवली. आत ना सेल, ना वायर.

"ही झोपलेली असत्यात, भाऊ," ती म्हणाली. "पाटाला टेकवली की जागी हुत्यात, आपली वळख सांगत्यात आन् पुन्हा झोपत्यात."

"म्हणजे माझ्यासारखीच," मी म्हटलं.

तिनं बटणं घरातल्या वस्तूंना चिकटवली. पितळी तांब्यावरचं बटण मुकंच राहिलं, धातूला चिकटलं की त्याला यंत्राची हाक ऐकू येत नाही म्हणे. मग लाटणं, लाकडी फणी, रवी, करवंटी असं जमवलं आणि प्रत्येकासाठी एकेक वाक्य स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं. सरुबाईनं डाव्या हातानं करवंटी पाटाला टेकवली. स्पीकरमधून सारिकाचा आवाज आला, "मला पाणी हवं आहे." फणी म्हणाली, "मला आत जायचं आहे." अगदी स्टेशनवरच्या सूचनेसारखं स्वच्छ. सरुबाईनं एकदा ऐकलं आणि एका फटक्यात सगळं रस्त्यावर लोटून दिलं. सारिका खाली वाकून एकेक वस्तू उचलत होती. तिचे डोळे भरले होते, आणि मला सासूचा राग आला आणि सुनेची कीवही आली.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीला, सारिका कंपनीच्या बसमधून उतरून आळीत शिरली आणि थबकली. धुक्यातून आवाज येत होता, "कुणाचा रं तू? दाव पिशवी!" ती डबा हातात घेऊन धावत सुटली. "आत्याबाई!" ओट्यावर सरुबाई तशीच गप्प. आवाज पलीकडच्या परसातून येत होता. शालूबाई माहेराहून आलेल्या बायकांना शेजारणीची नक्कल करून दाखवत होती, तोच खर्ज, शेवटी तोच हेल. आयुष्यभर रोज भांडली होती, सरुबाईचा शब्दन् शब्द तिला पाठ होता.

बायका गेल्यावर सारिका तिच्याकडे गेली. "मावशी, तुमचा आवाज द्या आत्याबाईंना."

"माजा गळा? तिला?" शालूबाई फणकारली. "मलाच शिव्या घालाया?" आणि पदर खोचत म्हणाली, "कुटं बोलायचं, सांग."

सगळं बोलली. पिशवी दाव, औषिद कसलं, इतका उशीर का झाला. लाटण्यासाठी स्वतःवरचीच ओरड बोलली, "शाले, तुज्या मोरीचं पाणी आवर!" ती जरा जास्तच मनापासून. शेवटी करवंटीचं बटण उरलं. "ह्याच्यात काय घालते ते तू ऐकू नगंस," असं म्हणून तिनं सारिकाला बाहेर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्धवट झोपेत होतो, आणि आळीत तो आवाज आला. मला वाटलं, स्वप्नच. उठून पाहिलं तर रिक्षावाला पप्पू पिशवी उघडून ओट्यापुढे उभा. "वांगी हायत, मावशी, वांगी!" सरुबाईनं फणी टेकवली, "इतका उशीर का रं?" पप्पू कारणं सांगू लागला. तिचं अर्धं तोंड हसत होतं. मग तिनं लाटणं टेकवलं आणि आळी हसून लोळली. शालूबाई रस्त्याच्या कडेला पदर तोंडाला लावून उभी होती.

मग करवंटी.

"शाले, लांब का हुबी? ये, बस हितं."

हे सरुबाईचं वाक्य नव्हतं. तिनं जन्मात असं म्हटलं नव्हतं. शालूबाई खाली मान घालून पायानं माती उकरू लागली. सरुबाईनं करवंटी उचलली, उलटी करून बघितली. आता ही रस्त्यात भिरकावते, असं मला वाटलं, आणि खिडकीचे गज मी घट्ट धरले.

तिनं करवंटी पुन्हा टेकवली. "शाले, लांब का हुबी? ये, बस हितं." पुन्हा टेकवली. मग डाव्या हाताचा रेटा देऊन ती सगळं अंग ओढत बाजूला सरकली आणि शेजारची मोकळी जागा तिनं हातानं झाडली.

"येते की," शालूबाई म्हणाली. "हे तुज्या तोंडनं ऐकाया इतकी वरसं थांबले हुते मी." पदरानं डोळे पुसत ती ओट्यावर चढली आणि टेकली.

ती नीट बसतेय न बसतेय तोच सरुबाईनं लाटणं उचललं. "शाले, तुज्या मोरीचं पाणी आवर!"

"न्हाई आवरत, जा!" शालूबाई तिथंच, तिच्या मांडीला मांडी लावून, स्वतःच्याच आवाजाशी कडाकडा भांडू लागली. मी खुर्चीत परत येऊन पडलो, आणि त्या दुपारी मला गाढ झोप लागली.