पहिली पट्टी पाटलांची

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की साताऱ्याच्या आमच्या दवाखान्यातली तीन नंबरची खाट झपाटलेली होती. निदान पुरुषांच्या वॉर्डाचं त्याबाबत एकमत होतं. ऑपरेशन झालेला माणूस त्या खाटेवर धडधाकट यायचा आणि थोड्याच दिवसांत त्याचे टाके पिकायचे.

लढाईचा काळ होता. मी सांगलीहून नुकतीच तिथे नर्स म्हणून आले होते. रजेवर आलेल्या एका शिपायाचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या वाट्याला नेमकी तीच खाट आली. एकुलता एक पोरगा. त्याच्या आईने खाटेखाली लिंबू ठेवलं, उशाशी यमाईचा अंगारा ठेवला आणि माझा पदर धरला, की बाई, पोराला इथून हलवा. पण दुसरी खाट रिकामी होती कुठे?

आमचे डॉक्टर नवे होते, आणि त्यांचा भुतांवर विश्वास नव्हता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यांची फेरी चालू असताना ते हात मागे बांधून दारात उभे राहिले. फेरी अगदी रीतीला धरून चालली होती. पहिली पट्टी पाटलांची. पाटील लोणंदकडचे, मिशा झुपकेदार, पाठीवर ही एवढी काळपुळी, कित्येक आठवडे अखंड वाहणारी. त्यांना सोडून आधी दुसऱ्याला हात लावायचा म्हणजे काय? आणि पाटलांच्या शेजारची खाट म्हणजे तीन नंबर. तेच चिमटे एका वाडग्यात बुचकळून, तेच हात एका टॉवेलला पुसून आमचा ड्रेसर शिपायाकडे वळला, तोच डॉक्टरांनी त्याचा हात धरला.

"भूत सापडलं," ते म्हणाले. "तुमच्या चिमट्यावर बसून येतंय."

फर्मान निघालं. स्वच्छ जखमा आधी, पू असलेल्या शेवटी. दर रोग्यामागे हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायचे, चिमटे उकळलेले घ्यायचे. म्हणजे पाटील थेट शेवटी.

पाटलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बेंदराच्या सणाला गावात पहिला बैल त्यांचा निघतो, आणि इथे त्यांची पाठ सगळ्यांच्या मागून? ते गाडी जुंपून आणायला सांगू लागले. तसल्या पाठीने गावी जाणं म्हणजे जिवाशी खेळ, पण मानापुढे पाठीला कोण विचारतो! मी माझं सगळं नाट्यकौशल्य पणाला लावलं. पंगतीत घरधनी शेवटी बसतो, तुम्ही तर या वॉर्डाचे घरधनी, असं हातवारे करून सांगितलं. पाटील भिंतीला म्हणाले, "बाई लय बोलतीया."

तेवढ्यात ड्रेसरने तोड काढली. उद्याच्या दिवस पाटलांची पट्टी आधी करू, परवापासून नवा नियम. डॉक्टरही क्षणभर घुटमळले, आणि ते शिपायाच्या आईने पाहिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. तिच्या पोराचे टाके कोरडे खणखणीत निघाले आणि तो चालत घरी गेला. कारण ती बाई तरातरा पाटलांच्या खाटेपाशी गेली आणि एकच वाक्य बोलली. मग भिंतीकडून आधी खुसखुस, नंतर गडगडाट ऐकू आला. पाटील एवढे हसले की पाठ ठणकून कळवळले, आणि दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे सगळ्यांच्या शेवटी पाठ पुढे करू लागले.

डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली होती, "आवं पाटील, मान तुमचाच हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर पू बी तुमचाच हाय न्हवं!"