सभात्याग

साठचं दशक सरत आलं होतं. धुळ्याच्या एका दैनिकात मी जिल्हा परिषदेच्या बातम्या लिहायचो आणि जड शब्दांवर माझा भारी जीव होता. एकदा सभेत गावच्या रस्त्याचं उत्तर मिळेना म्हणून एक मेंबर तावातावाने बाहेर गेले. मी ऐटीत मथळा दिला : ‘संतप्त सदस्याचा सभात्याग’. संपादकांनी पाठही थोपटली.

आठवड्याभराने त्या मेंबरच्याच गावचे एक आबा एसटीने थेट कचेरीत आले. संध्याकाळी चावडीवर आमचा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा मान त्यांचा. निम्म्या गावाला राजकारण कळायचं ते त्यांच्याच तोंडून. पिशवीतून अंक काढून त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं.

“भाऊ, याना अर्थ काय शे?”

“निषेध म्हणून ते त्या दिवसापुरते बाहेर गेले, आबा.”

“म्हंजे मेंबरकी सोडी नही?”

मग उलगडा झाला. ‘त्याग’ वाचल्यावर मेंबरने पद कायमचं सोडलं, असं आबांनी गावाला समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मेंबर सायकलवरून गावात शिरले, तर लोक निरोपाचा नारळ घेऊन उभे! त्यांच्या जागेसाठी दोघं जण गुडघ्याला बाशिंग बांधून तयारही होते. तेव्हापासून आबांनी पेपर उघडला, की मंडळी हसत उठून जायची.

“बठ्ठा गाव माले हासस,” आबा म्हणाले. “‘उठी गया’ इतलं लिखाले काय व्हतं?”

आधी मला रागच आला. एवढा नामी शब्द, आणि हे गृहस्थ मला मराठी शिकवणार! पण ज्याने हसं केलं तोच अंक आबा जपून घडी घालून पिशवीत ठेवत होते. मग मात्र माझी मलाच लाज वाटली.

पुढच्या सभेत मेंबर पुन्हा उठले. मी लिहिलं : ‘रस्त्याचं उत्तर मिळेना म्हणून मेंबर रागाने उठून बाहेर गेले. पद सोडलेलं नाही.’

संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. “ही काय चावडी आहे?”

“बातमी तिथेच वाचतात, साहेब,” मी म्हटलं.

कुरकुरत का होईना, त्यांनी ती तशीच सोडली. चार दिवसांनी माझ्या नावाने पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं, मजकूर दोन ओळींचा :

“बातमी दोनदा वाचाले लावी. कोन्ही उठनं नही.”